सोसायटीच्या सॉफ्टवेअरची यादी करून ऑनलाइन कमाई : मी कसं केलं, तुम्ही कसं कराल

आमच्या बिल्डिंगमध्ये २४ फ्लॅट आहेत आणि मी तिथे सहा वर्षं खजिनदार होतो. म्हणजे पगार नाही, मान नाही, आणि रविवारी सकाळी बेल वाजली की समजायचं कुणीतरी मेंटेनन्सच्या बिलावर भांडायला आलंय. आधी पावतीपुस्तक, मग एक्सेल, मग कमिटीने ठरवलं की आता सॉफ्टवेअर घ्यायचं. काम अर्थात माझ्या गळ्यात. मी नऊ कंपन्यांचे डेमो घेतले आणि कुठल्यात काय आहे काय नाही ते एका गूगल शीटमध्ये लिहून ठेवलं, निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी. शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने मागितली, त्याला दिली, त्याने मेव्हण्याला दिली, आणि दोनेक महिन्यांनी तीच शीट मला कल्याणच्या एका माणसाने व्हॉट्सअॅपवर पाठवली, "ही बघा, कामाची आहे" म्हणून! वर "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" लिहिलेलं.

तेव्हा डोक्यात आलं की ह्याला मागणी आहे.

ह्या धंद्याला क्युरेशन म्हणतात. बाजारात पन्नास सॉफ्टवेअर असतात, त्यातली एका ठराविक धंद्याला कुठली चालतात ते आपण चाळून, वापरून सांगायचं. कल्पना जुनीच आहे, अमेरिकेत कॅपटेरा नावाची साइट १९९९ पासून हेच करतंय, पैसे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून येतात, २०१५ मध्ये त्यांना गार्टनर ह्या मोठ्या सल्लागार कंपनीने विकत घेतलं. मग आपण एवढ्याशा साइटने त्यांच्यापुढे काय करणार? तर त्यांच्या यादीत हजारो सॉफ्टवेअर आहेत पण "हे थकबाकीवर सरळव्याज लावतं की चक्रवाढ" हे तिथे कुणी लिहीत नाही. आणि आपल्या सेक्रेटरीला नेमकं तेच हवं असतं.

पहिलं काम : धंदा निवडणं

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. यूट्यूब बघून "एआय टूल्सची यादी" काढतात, अशा याद्या पैशाला पासरी पडल्यात, तुमची कोण बघणार. जिथे तुमचा एक पाय आधीच आहे असा धंदा घ्या. मेव्हण्याचं मेडिकल असेल तर मेडिकल घ्या, कारण शेड्यूल एच-वनच्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या ठराविक) औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते हे बाहेरच्या माणसाला माहीतच नसतं. गावाकडे दूध संकलन केंद्र असेल तर फॅट-एसएनएफचा (दुधातली चरबी आणि बाकीचा घन भाग) दरतक्ता, दहा दिवसांचं बिल आणि त्यातून पशुखाद्याची कपात हे ज्या सॉफ्टवेअरला जमतं त्याचीच यादी करा. मंगल कार्यालय, आडत दुकान, क्लासेस, काहीही चालेल.

मी तीन गोष्टी बघतो. एक, त्या धंद्याचे स्वतःचे असे नियम पाहिजेत ज्यात साधं बिलिंग सॉफ्टवेअर गडबडतं. दोन, गिऱ्हाईक नवीन नवीन येत राहिलं पाहिजे. सोसायटीत हे आपोआप होतं, कमिटीची मुदत पाच वर्षं असली तरी लोक मध्येच वैतागून राजीनामा देतात आणि नवा सेक्रेटरी पुन्हा शून्यापासून शोधायला लागतो. तीन, विकणारे बरेच आणि छोटे पाहिजेत, एकाच मोठ्या कंपनीचं राज्य असेल तर यादी कसली करणार. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायट्या लाखाच्या वर आहेत, त्यामुळे मला गिऱ्हाइकाची चिंता नव्हती.

सॉफ्टवेअर नंतर, आधी प्रश्न

लगेच डेमो घ्यायला पळू नका. आधी त्या धंद्यातल्या दहा माणसांना चहा पाजा. मी सात सेक्रेटरी, दोन खजिनदार आणि एका ऑडिटरशी बोललो, आणि खरं सांगतो, त्या एका ऑडिटरकडून बाकी नऊ जणांपेक्षा जास्त शिकलो. कारण सेक्रेटरी म्हणतो "अॅप छान पाहिजे, गेटवर पाव्हणे आले की नोटिफिकेशन आलं पाहिजे", आणि ऑडिटर म्हणतो "मला 'जे' (J) नमुन्यातली सभासदांची यादी मिळते का, 'आय' (I) रजिस्टर म्हणजे सभासदांची नोंदवही निघते का, पावती नंबर सलग आहेत का, ते सांग". पाव्हण्यांची नोटिफिकेशन मायगेट किंवा नोब्रोकरहूडसारखी अॅप देतातच. भांडणं हिशोबावरून होतात. म्हणून माझ्या यादीचा भर पहिल्यापासून हिशोबावर आहे.

त्यातून अकरा प्रश्न निघाले. तेच माझ्या शीटचे कॉलम झाले. "फीचर्स" नावाचा कॉलम मी ठेवलाच नाही, कारण तो कंपनीच्या ब्रोशरमधून कॉपी करण्यापलीकडे कुणी भरत नाही.

खोटी सोसायटी बनवा

हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि ह्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. मी एक खोटी सोसायटी बनवली, २४ फ्लॅट, एक दुकान. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये हीच सोसायटी भरायची, हेच सभासद, हेच व्यवहार, आणि काय होतं ते बघायचं. सेल्सवाल्याच्या डेमोत सगळं गोड दिसतं कारण त्याच्या डेमोत कुणीही थकबाकीदार नसतो.

माझ्या खोट्या सोसायटीत एका फ्लॅटचं महिन्याचं बिल ३,००० आहे. सेवाशुल्क १,२००, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची शिल्लक) २५०, दुरुस्ती निधी ७५०, मालमत्ता कर ४००, पाणी २००, पार्किंग २००. सिंकिंग आणि दुरुस्तीचे आकडे हवेतून नाही आले, आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या छापील नियमावलीप्रमाणे) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग आणि ०.७५ टक्के दुरुस्ती, मी खर्च १२ लाख धरला म्हणून वर्षाचे ३,००० आणि ९,०००.

आता गंमत. फ्लॅट नंबर ७ भाड्याने दिलाय. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे १२० रुपये. मी तपासलेल्या नऊपैकी तीन सॉफ्टवेअरने अख्ख्या बिलावर १० टक्के लावून ३०० काढले. सेटिंगमध्ये बदलता येतं का विचारलं तर एकाचा सेल्सवाला म्हणाला "सर सगळे असंच घेतात". सगळे घेत असतील हो, पण फ्लॅटमालक सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे गेला की उत्तर सेक्रेटरीला द्यायचं असतं.

फ्लॅट नंबर १२ म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या एका खऱ्या काकांची नक्कल. सहा महिने बिल भरलं नाही, थकबाकी १८,०००. उपविधीत व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के, आणि तेही सरळव्याज. महिन्याचे झाले ३१५. पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरने व्याज १८,००० वरच लावलं तर बरोबर, १८,३१५ वर लावलं तर ३२० रुपये ५१ पैसे येतात आणि ते चूक. फरक साडेपाच रुपयांचा! पण ज्याने सहा महिने पैसे भरले नाहीत तो माणूस साडेपाच रुपयांसाठी एजीएममध्ये (वार्षिक सभेत) पाऊण तास बोलू शकतो, मी बघितलंय. आणि वर्षा-दोन वर्षांची थकबाकी असेल तर रक्कम पण बऱ्यापैकी फुगते. (मर्यादा उद्या बदलली तर टक्केवारी आपली आपल्याला बदलता येते का हेही तिथेच बघून घ्या.)

मग काकांनी १०,००० भरले असं दाखवायचं. ते आधी व्याजात वळते होतात की मुद्दलात? कमिटीचा ठराव असेल तसं करता आलं पाहिजे, दोन्ही पर्याय पाहिजेत. मग त्यांचा चेक बाउन्स करायचा. चांगलं सॉफ्टवेअर पावती रिव्हर्स करतं, दोन्ही नोंदी दिसतात. वाईट सॉफ्टवेअर पावती डिलीट करू देतं आणि नंबरमध्ये भोक पडतं, ऑडिटर बरोबर तिथेच बोट ठेवतो, मग ते दोष दुरुस्ती अहवालात (ऑडिटरने काढलेल्या चुका सुधारल्याचा सोसायटीचा अहवाल) येतं.

फ्लॅट नंबर १९ महिन्याच्या १७ तारखेला विकला. जुन्या मालकाची बाकी कुठे जाते, 'जे' यादीत नवं नाव येतं का. आणि शेवटचा प्रश्न, उद्या आम्ही तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर पाच वर्षांचं लेजर (प्रत्येक फ्लॅटची खातेवही) एक्सेलमध्ये मिळेल का? ह्या प्रश्नावर सेल्सवाले जो पॉज घेतात ना, तो मी आता सेकंदात मोजतो.

एका सॉफ्टवेअरला हे सगळं करायला मला दोन संध्याकाळ लागतात. प्रत्येक ठिकाणी स्क्रीनशॉट काढा, तारीख टाका, आणि स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या सभासदांची नावं चुकूनही येऊ देऊ नका.

साइट

ह्यावर जास्त वेळ घालवू नका, मी घालवला आणि पस्तावलो, लोगोचे चार रंग बदलण्यात पंधरा दिवस गेले. पहिले काही महिने गूगल शीटची लिंक सुद्धा पुरते. मग डोमेन घ्या, वर्डप्रेस टाका, वर्षाचा सगळा खर्च पाच-सहा हजारांत बसतो. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक पान, आणि त्यावर मी पहिलं हेडिंग ठेवतो "हे कुणी घेऊ नये". उदाहरणार्थ, टॅली प्राइम हिशोबाला पक्कं आहे पण ज्या सोसायटीत अकाउंटंट नाही आणि खजिनदार काका सत्तरीचे आहेत तिथे घेऊ नये, असं सरळ. स्टार बिर देत नाही. चार स्टार म्हणजे काय ते मलाच कळत नाही.

आणि चॅटजीपीटीकडून दोनशे पानं लिहून घेऊन टाकायचा मोह होईल. गूगलने मार्च २०२४ पासून अशा घाऊक मजकुराला सरळ स्पॅमच्या नियमात बसवलंय, आणि नुसत्या अफिलिएट लिंका (ज्यावरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन मिळतं) टाकलेली पोकळ पानं पण त्याच नियमांत येतात. माझ्या साइटवर आज फक्त २३ सॉफ्टवेअर आहेत, ती सगळी मी स्वतः हाताळलेली.

लोक कुठून येतात

सेक्रेटरी गूगलवर "बेस्ट सोसायटी सॉफ्टवेअर" टाकतच नाही सुरुवातीला. तो टाकतो "सोसायटी मेंटेनन्स बिल फॉरमॅट एक्सेल" किंवा "एजीएम नोटीस नमुना मराठी". म्हणून मी बिलाचा एक्सेल नमुना फुकट ठेवला, त्यात व्याजाचं सूत्र घालून. त्या एका पानावरून माझ्या साइटवर निम्म्याहून जास्त लोक येतात. नमुन्याच्या खाली एवढंच लिहिलंय की ३० फ्लॅटपर्यंत हे एक्सेल पुरेल, त्यापुढे दमाल, मग ही यादी बघा.

सीझन समजून घ्या. ३१ मार्चला वर्ष संपतं, ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरपर्यंत एजीएम. फेब्रुवारी-मार्चमध्ये "नवीन वर्षापासून सॉफ्टवेअर घेऊ" हा विचार असतो, आणि ऑगस्टमध्ये ऑडिटरने झापल्यामुळे परत एकदा येतो. दिवाळीत मात्र शुकशुकाट.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत, मला खूप जण विचारतात. मी दोन्हीत लिहितो, पण फोन मराठी पानांवरून जास्त येतात, बहुतेक कारण इंग्रजीत स्पर्धा आहे आणि मराठीत सेक्रेटरीला वाटतं हा आपलाच कुणीतरी आहे.

आता पैसे

पहिले सात महिने शून्य. आठव्या महिन्यात एका कंपनीकडून १,५०० आले, बायकोला दाखवले, ती म्हणाली डोमेनचे तरी निघाले.

सगळे सांगतात अफिलिएट लिंक टाका. आमच्या धंद्यात ती चालत नाही, आणि का ते मला वर्षभराने कळलं. अफिलिएटमध्ये कुकीची (गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं ती ब्राउझरमधली नोंद) मुदत बऱ्याचदा ३० दिवस असते. आता सोसायटी कशी खरेदी करते बघा. सेक्रेटरी १० जूनला क्लिक करतो, महिन्याच्या शेवटच्या रविवारी कमिटीची मीटिंग, तिथे चेअरमन म्हणतात अजून दोन कोटेशन आणा, जुलैची मीटिंग पावसाने गळणाऱ्या गच्चीवर जाते, ऑगस्टमध्ये मंजुरी, आणि पैसे भरतो खजिनदार त्याच्या वेगळ्या फोनवरून. कुकी कधीच मेली. म्हणून मी लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, रजिस्टर करतो. सोसायटीचं नाव आणि फ्लॅटची संख्या कंपनीला मेल करायची, कंपनीने मेलवरच "नोंद झाली" असं उत्तर द्यायचं, त्या तारखेपासून १८० दिवसांत सोसायटीने घेतलं तर माझी ठरलेली रक्कम. तोंडी काहीच नाही. मी टक्केवारीपण घेत नाही, सगळ्या कंपन्यांकडून सारखीच रक्कम, नाहीतर मन आपोआप महागड्या सॉफ्टवेअरकडे झुकतं. हे अनुभवाने सांगतोय, खाली येतंच.

सेक्रेटरीचा नंबर देण्याआधी त्यांची परवानगी घ्या, फॉर्मवर स्पष्ट विचारा कुठल्या कंपनीला देऊ. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा सोडा, एकच नंबर पाच कंपन्यांना विकला तर त्या माणसाला दुपारच्या झोपेत नऊ फोन येतात आणि तो तुमचं नाव सोसायट्यांच्या फेडरेशनच्या ग्रुपवर टाकतो.

दुसरं म्हणजे जाहिरातीची जागा. साइटवर एकच चौकोन, त्यावर "जाहिरात" असं मोठ्या अक्षरात, आणि यादीतला क्रम विकायचा नाही. ही पैसे घेतलेली लिंक आहे हे गूगलला कळावं म्हणून लिंकला स्पॉन्सर्ड हे ॲट्रिब्यूट लावायला विसरू नका. गूगलच्या जाहिरातींचं अॅडसेन्स पण लावून बघितलं होतं. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे येत नाहीत, मला ११ महिने लागले, आणि तोवर माझ्याच "घेऊ नका" म्हटलेल्या पानाशेजारी त्याच सॉफ्टवेअरची जाहिरात झळकत होती. काढून टाकलं.

आणि तिसरं, ज्याची मी कल्पनाही केली नव्हती, ते म्हणजे ओपनिंग बॅलन्स. सॉफ्टवेअर घेतलं की जुनी बाकी, जुनं व्याज, सभासदांची नावं, सगळं भरायला कुणीतरी लागतं. कंपनी म्हणते एक्सेल द्या, सोसायटीकडे एक्सेल नसतं, तीन वेगवेगळ्या खजिनदारांच्या अक्षरातल्या वह्या असतात. मी फ्लॅटमागे १०० रुपये घेऊन ते भरून देतो, ८० फ्लॅटची सोसायटी म्हणजे ८,०००. आज माझ्या कमाईतला निम्म्याहून मोठा भाग ह्याचा आहे. म्हणजे यादी दुकानाची पाटी झाली आणि दुकान आत वेगळंच निघालं. तुमच्या धंद्यातही असं एक कंटाळवाणं काम असणार, यादी करताना त्यावर नजर ठेवा.

कायदा आणि टॅक्स, थोडक्यात

कंपनीकडून पैसे घेत असाल तर ते पानावर लिहा, मराठी पानावर मराठीतच, तळाला बारीक अक्षरात नाही. जून २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असे संबंध उघड करावे लागतात, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. कमिशन एका कंपनीकडून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की २ टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नसेल तर २० टक्के, तेव्हा पॅन द्या आणि रिटर्नमध्ये क्रेडिट घ्या. जीएसटी नोंदणी सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर, तोवर निवांत. तुमची दुसरी कुठली सेवा असेल तर तीही त्याच पॅनखाली मोजली जाते एवढं लक्षात ठेवा.

माझी माती कशी झाली

एका वर्षी एका कंपनीने मला इतरांच्या तिप्पट रक्कम देऊ केली. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, खोट्या सोसायटीत पास झालं होतं, म्हणून मी ते यादीत सगळ्यात वर ठेवलं. एक्सेलमध्ये डेटा मिळेल का ह्या प्रश्नावर त्यांनी "हो" सांगितलं आणि मी स्वतः बटण दाबून बघितलं नाही. अकरा प्रश्नांतला तेवढा एकच मी तोंडी उत्तरावर सोडला. पुढच्या वर्षी रिन्युअल दुप्पट झालं, ठाण्याच्या एका सोसायटीच्या खजिनदार ताईंनी सोडायचं ठरवलं, तर एक्सपोर्ट फक्त पीडीएफमध्ये. त्यांनी मला फोन केला, आवाज अजिबात चढवला नाही, फक्त म्हणाल्या "तुमचं वाचून घेतलं होतं". ५२ फ्लॅटचं लेजर पीडीएफमधून मी गणपतीच्या सुट्टीत फुकट टाइप करून दिलं. त्यानंतर सगळ्या कंपन्यांची रक्कम सारखी केली, दोघांनी नकार दिला, त्यांची नावं यादीत आहेत पण त्यांच्याकडून मला काही मिळत नाही, आणि तसं त्यांच्या पानावर लिहिलंय.

तेव्हापासून शीटमध्ये एक बारावा कॉलम आहे, "शेवटचं कधी तपासलं". दर फेब्रुवारीत सीझनच्या आधी खोटी सोसायटी परत सगळीकडे फिरवतो, एक्सपोर्टचं बटण स्वतः दाबतो, रिन्युअलचा भाव मेलवर लेखी मागवतो. वर्षाच्या वर गेलेला खाना आपोआप लाल होतो. आत्ता दोन खाने लाल आहेत. एकाने ट्रायलच बंद केलीय, दुसऱ्याचा सेल्सवाला आठवडाभर "सर मीटिंगमध्ये आहे" म्हणतोय, शनिवारपर्यंत भाव आला नाही तर ते पान उतरवणार.